हातउसने

सुहास चौगुलेचा उजवा हात खांद्याला होता, पण तो त्याचा राहिला नव्हता. सकाळी तो उचलून बाहीत घालावा लागे, गाडीत बसताना मांडीवर ठेवावा लागे, आणि दार ओढून घेण्याआधी तो आत आला आहे ना, हे बघावं लागे. गुरांच्या डॉक्टरला याहून वाईट ते काय व्हायचं?

मिरजेच्या आसपासच्या गावांत आता दुभत्या जनावरांच्या गळ्यात पट्टे आले होते. म्हशीला ताप आला, तिनं रवंथ सोडला, ती माजावर आली, की पट्टा मालकाच्या फोनवर कळवी आणि निम्मी औषधंही फोनच सुचवी. पण वासरू पोटात वेडंवाकडं अडकलं, की पट्ट्याचा काही उपयोग नसे. तिथं खांद्यापर्यंत हात घालून, डोळे मिटून, बोटांनी बघणारा माणूसच लागे. त्या पंचक्रोशीत तो माणूस म्हणजे सुहास. अशाच एका अडलेल्या म्हशीला सोडवून परतताना, ट्रॉलीतून रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या वाड्यावरून, हिरव्या शेंड्यांवरून, त्याची मोटारसायकल घसरली. हेल्मेटनं डोकं वाचवलं. पण पडताना मान एकीकडे गेली आणि उजवा खांदा दुसरीकडे.

मानेतून हातात उतरणाऱ्या नसांची एक जुडी असते. तिच्यातल्या वरच्या नसा मुळासकट उपटल्या गेल्या. खालच्या, बोटांकडे जाणाऱ्या, नुसत्या ताणल्या गेल्या. उपटलेली नस पुन्हा रुजत नाही. म्हणून शल्यविशारदांनी त्याच्या बरगड्यांमधली, श्वास घेताना छाती फुलवणारी एक नस सोडवून घेतली आणि दंडाच्या स्नायूला जोडली. नस रोज जेमतेम एक मिलिमीटर वाढते. दंडापर्यंत पोचायलाच तिला बरेच महिने लागले. पोचली, तेव्हा एक नवीच गंमत झाली. मेंदूच्या हिशेबी ती नस अजून श्वासाचीच होती. त्यामुळे सुहासनं खोल श्वास घेतला, की कोपर आपोआप वाकायचं. शिंक आली, की हात उडायचा. एकदा पाहुण्यांसमोर त्यानं जांभई दिली आणि त्याच्याच मुठीनं त्याच्या हनुवटीला ठोसा दिला. वृषाली, त्याची बायको, पोट धरून हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत राहिली.

"मेंदूला समजावून सांगावं लागेल," डॉ. तस्नीम मुजावर म्हणाल्या. "की बाबा, ही तार आता दुसऱ्या घरी जोडली आहे."

तस्नीम वैद्यकीय अभियंत्या होत्या. मिरजेबाहेरच्या एका संशोधन केंद्रात त्यांनी 'जोडी' नावाचं यंत्र तयार केलं होतं. बघायला गेलं तर ते म्हणजे दोन लांब हातमोजे, खांद्यापर्यंत येणारे. एक निरोगी माणसानं घालायचा. त्याचे स्नायू हलताना जी बारीकशी वीज उठते, ती तो मोजा टिपून घेई. दुसरा रुग्णाच्या हातावर. टिपलेली वीज तो त्या त्या स्नायूला पोचवी आणि रुग्णाचा हात तसाच हले. त्याच क्षणी रुग्णानंही मनापासून हलवण्याचा प्रयत्न करायचा. प्रयत्न आणि हालचाल यांची गाठ वारंवार पडली, की मेंदू नवी वाट धरू लागतो. मग यंत्र दात्याचा वाटा हळूहळू कमी करत नेतं, आणि एके दिवशी तो शून्यावर येतो.

"मग माणूस कशाला हवा?" वृषालीनं विचारलं. ती सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती आणि तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागे. "एकदा नोंद करून ठेवा, तीच रोज लावा."

"आम्हीही पहिल्यांदा तेच केलं. चार दिवस मेंदू लक्ष देतो, मग कंटाळतो. जिवंत माणूस एकच पेला दोनदा सारखा उचलत नाही. त्या जराजराशा फरकामुळे मेंदू जागा राहतो. ध्वनिमुद्रणावर ठेका धरता येतो हो, पण साथ शिकायची तर समोर गाणारा लागतो."

आता दाता शोधणं आलं. वृषाली डावखुरी. सुहासचा भाऊ मस्कतला. शिवाय हाताची लांबी साधारण जुळायला हवी, आणि दात्यानं महिनोन्‌महिने रोज येऊन बसायला हवं. तस्नीम हे सांगत असताना कोपऱ्यातल्या खुर्चीवर सुहासची सासू बसली होती. पद्मावती उपाध्ये, पण सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे. उंचपुरी बाई, मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून जन्म गेलेला.

"माझा बघा की हात," अक्का म्हणाल्या.

सुहास जागच्या जागी आक्रसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्यात आणि अक्कांत "जेवलात का" आणि "निघतो मग" यापलीकडे बोलणं गेलं नव्हतं. भांडण नव्हतं, दोघंही मानानं राहत होती, इतकंच. त्या त्याला नावानं हाक मारत नसत, डॉक्टर म्हणत.

"अक्का, तुम्हाला कशाला त्रास..."

"त्रास काय त्यात? हातउसना घेतला म्हणा," असं म्हणून त्यांनी बाही वर सारली. तस्नीमनी फीत लावून मापं घेतली. जणू मापानंच शिवल्यासारखी ती जुळली.

मग रोज दुपारी सासू आणि जावई एका टेबलाच्या दोन बाजूंना मोजे चढवून बसू लागले. अक्का सूर्यास्ताआधी जेवत, म्हणून उन्हं उतरायच्या आत बैठक संपवायची, ही त्यांची एकच अट. काय हालचाल करायची, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तस्नीम म्हणाल्या, "तुमच्या हाताला जे न बघता येतं, ते करा."

दुसऱ्या दिवशी अक्का शाळूचं पीठ आणि परात घेऊनच आल्या. त्या पीठ मळत, आणि समोर रिकाम्या टेबलावर सुहासचा हात हवेत मळे. त्या भाकरी थापत, आणि त्याचा पंजा टेबलावर थापट्या मारी.

"श्वास कोंडू नका, डॉक्टर. दंडातून वाकवा, छातीतून नाही."

"वाकवतोय, अक्का."

"वाकवत नाही, उसासे टाकताय. पुन्हा."

शाळेतल्या मुलींनी त्यांना काय नाव ठेवलं असेल, याचा सुहास मनात अंदाज बांधू लागला. एकदा न राहवून त्यानं विचारलंच. अक्का गंभीरपणे म्हणाल्या, "फौजदार," आणि मग दोघंही इतकी हसली, की पडद्यावरच्या रेषा थयथया नाचल्या आणि तस्नीम धावत आल्या.

त्या हसण्यानंतर बोलणं सुरू झालं. अक्कांनी वृषालीच्या लहानपणाच्या खोड्या सांगितल्या, सासऱ्यांबद्दल सांगितलं. ते गेले तेव्हा वृषाली शाळेत होती. सुहासनं म्हशींच्या स्वभावांचे नमुने सांगितले. आणि एके दुपारी तस्नीमनी दात्याचा वाटा निम्म्याच्या खाली आणला असताना सुहासचं कोपर वाकलं, बोटं मिटली आणि पाण्याचा पेला त्याच्या ओठांपर्यंत आला. श्वास मात्र संथ चालू होता. अक्कांनी काही कौतुक केलं नाही. "सांडलं नाही," एवढंच म्हणाल्या, आणि पदराच्या टोकानं कपाळ पुसलं.

पण हातात आलं ते नुसतं बळ नव्हतं. वळणही आलं होतं. सुहास आता ताटात भात वाढताना शेवटी डाव मनगटातून किंचित झटकी. दार उघडताना कडीवर आधी दोन बोटं टेके. उशीचा अभ्रा हातानं सपाट करताना कडेपर्यंत जाऊन परत येई. हे सगळं अक्कांचं होतं. वृषालीला पहिल्यांदा मजा वाटली. मैत्रिणींना फोन करून ती सांगे, की माझा नवरा माझ्या आईसारखा वाढतो.

एका रविवारी ती न्हाऊन गच्चीवर केस वाळवत बसली होती. गुंता निघेना म्हणून सुहास मागे बसला. उजव्या हातानं काही नाजूक करायला मिळालं, की तो खूश होई. गुंता सुटला, तसा त्याचा हात आपसूक कपाळापासून मानेपर्यंत केसांवरून उतरला आणि शेवटी बोटांच्या पेरांनी टाळूवर हलकेच थोपटून थांबला.

वृषाली एकदम सरकली.

"असं करू नकोस."

"काय केलं?"

"ते आईचं आहे. शेवटचं ते थोपटणं. लहानपणी वेणी घालून झाली, की ती असं करायची." तिनं केस मुठीत गोळा केले. "बाबा गेल्यावर तिनं कधी डोक्यावरून हात फिरवला नाही माझ्या. कधीच नाही. आणि आता तोच हात तुझ्या खांद्याला लागून येतोय. मला कळत नाही, सुहास, मी कुणाजवळ बसले आहे."

सुहासनं हात मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघत बसला. अपघातानंतर तो हात मेला होता, तेव्हासुद्धा तो त्याला इतका परका वाटला नव्हता. पुढचे काही दिवस वृषाली नेहमीसारखीच बोलली-चालली, पण शेजारी बसताना ती त्याच्या डाव्या बाजूला बसू लागली.

हे अक्कांना सांगावं की नाही, या विचारात तो असतानाच तस्नीमनी बैठक मधेच थांबवली. पडदा त्यांनी आपल्याकडे वळवून घेतला होता.

"अक्का, मला तुमच्याशी थोडं खाजगी बोलायचंय."

"बोला की. डॉक्टरांसमोरच बोला. त्यांच्यापासून माझा हात लपलेला नाही, बाकी काय लपवायचं?"

तस्नीमनी पडदा पुन्हा त्यांच्याकडे वळवला. अक्कांचा हात टेबलावर स्वस्थ पडलेला असताना मोजा एक बारीक ठेका टिपत होता. सेकंदाला चार-पाच हेलकावे, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे. आणि हालचाल सुरू करायला हात थोडा उशीर लावू लागला होता. मेंदूतज्ज्ञांना दाखवायला हवं, त्या म्हणाल्या. कंपवाताची सुरुवात असू शकते.

"असू शकते काय, आहेच," अक्का शांतपणे म्हणाल्या. "माझ्या वडिलांना होता. पेला धरला, की करंगळी थरथरते, हे मला केव्हाच दिसलं होतं. म्हणून तर हात लवकर दिला. चांगला आहे तोवर कामी यावा."

सुहासला पहिल्या दिवशीची ती वर सारलेली बाही दिसली, आणि तेव्हा आपण आक्रसलो होतो, तेही.

तज्ज्ञांनी तपासून तेच सांगितलं. औषधं सुरू झाली. रोग हळू जाणारा आहे, घाबरू नका, असा धीर दिला. इकडे तस्नीमनी सुहासपुढे दोन वाटा ठेवल्या. अक्कांची साथ आता थांबवायला हवी होती, नाहीतर तो कापही त्याच्या हातात उतरला असता. केंद्रातला एक तरुण थेरपिस्ट दाता व्हायला तयार होता. त्याच्याबरोबर सराव केला, तर काही आठवड्यांत हातात पुरेशी ताकद आली असती आणि सुहास कामाला लागला असता. फक्त, नवं वळण जुन्यावर बसतं. अक्कांचं पुसलं गेलं असतं. दुसरी वाट म्हणजे दाता नको, आहे तेवढ्यावर स्वतःच मेहनत करायची. ती फार लांबची वाट, आणि ताकद पूर्ण येईल याची खात्री नाही.

सुहासनं पडद्यावरच्या आपल्या रेषेवर बोट ठेवलं. मग त्यानं विचारलं, "हे यंत्र उलटं चालतं का?"

तस्नीमनी चष्मा काढला. "कुणी चालवलेलं नाही."

"पण चालेल का?"

कंपवातात स्नायू शाबूत असतात, त्या सांगू लागल्या. बिघडतो तो आतला इशारा, 'आता उचल' असं म्हणणारा. तोच इशारा बाहेरून मिळाला, तर हात पुष्कळदा चालतो. पाय न उचलणारा रुग्ण जमिनीवर आखलेल्या रेषा ओलांडत सहज चालत जातो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. "अक्कांना त्यांच्याच जुन्या चालीत इशारा मिळाला, तर कदाचित... मी वचन देत नाही. रोग बरा होणार नाही, औषधं लागतीलच. आणि नोंदी उपयोगाच्या नाहीत, ते तुम्हाला माहीतच आहे. ती चाल जिवंत हातातच असायला हवी."

"ती माझ्याकडे आहे," सुहास म्हणाला.

अक्कांनी ऐकलं आणि झटक्यात नाही म्हटलं. "तुम्ही नवा हात घ्या, डॉक्टर. तुमची मेहनत, तुमचं शिक्षण. माझ्या भाकरीसाठी लोकांच्या म्हशी अडवून ठेवता काय?"

सुहासनं घरी येऊन वृषालीला सगळं सांगितलं. ती उठली, स्कूटर काढली आणि माहेरी गेली. तो मागोमाग पोचला, तेव्हा मायलेकी स्वयंपाकघरात समोरासमोर पाटावर बसल्या होत्या.

"डोक्यावरून हात का फिरवेनाशी झालीस तू?" वृषाली विचारत होती. "एवढंच सांग."

अक्कांनी पदर सारखा केला. "तुझे बाबा गेल्यावर एकदा फिरवला, तर तू रडायला लागलीस ती थांबेचनास. मग मलाही थांबता येईना. दुसऱ्या दिवशी शाळा होती, तुझी परीक्षा होती. दोघींनी रडत बसून चालणार नव्हतं. म्हटलं, नकोच. मग ते राहूनच गेलं."

"आता फिरव."

"आता कापतो गं तो."

"कापू दे."

अक्कांनी हात उचलला. तो उचलायला वेळ लागला, आणि लेकीच्या केसांवरून जाताना तो एकसारखा थरथरत होता. वृषाली डोळे मिटून बसली. दारातून सुहासला ते दिसलं आणि तो आल्या पावली मागे फिरून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसला. काही वेळानं आतून वृषालीचा आवाज आला, नाक ओढत, पण ठाम: "त्याला हात दिलास, तेव्हा मला विचारलंस? करंगळी थरथरते, हे सांगितलंस? मग आता तोही तुला विचारणार नाही. उद्या दुपारी गुमान चल."

परत जाताना ती सुहासच्या उजव्या बाजूनं चालली.

पुढचा काळ सोपा गेला नाही. उलट्या जोडीचे पहिले काही प्रयोग फसले; सुहासचा हात पुढे जाई आणि अक्कांचा तिथंच राही. तस्नीमनी वेळेचं गणित पुन्हा पुन्हा बदललं. मग एकदा अक्कांनी पिठाचा गोळा उचलला, न अडखळता, आणि चकित होऊन स्वतःच्या बोटांकडे बघितलं. कधी जमे, कधी नाही. मोजा काढल्यावरही तास-दीड तास हात सैल राही, तेवढ्यात त्या स्वतःच्या हातानं जेवून घेत.

सुहासची ताकद मात्र मुंगीच्या पावलांनी येत होती. तो सकाळी वाळूच्या पिशव्या उचले, दोरी ओढे. गावांनी तोवर दुसरा डॉक्टर धरला होता. चांगला मुलगा होता, पण अडलेल्या म्हशीला तो लगेच शस्त्रक्रियेच्या गाडीत घालायला सांगे.

मालन खोत नावाच्या बाईंचा फोन आला, तो भर दुपारी. त्यांची म्हैस पहाटेपासून अडली होती आणि शस्त्रक्रियेची गाडी दुसऱ्या तालुक्यात गेली होती.

"डॉक्टर, तुमचा हात अजून नीट नाही, ऐकून आहे मी. पण या तरी. नुसतं बघा."

सुहास गेला. रेडकाचं डोकं वाटेवर आलं होतं, एक पाय आला होता, दुसरा गुडघ्यात दुमडून मागे राहिला होता. ओढलं असतं, तर खुरानं गर्भपिशवी फाटली असती. त्यानं डाव्या हातानं रेडकाला जोर लावून आत ढकललं, जागा केली, आणि मग डावा काढून उजवा घातला. अपघातानंतर पहिल्यांदाच. आतली ऊब त्याच्या बोटांना कळली. म्हशीनं कळ दिली, तसा हात पिळवटून निघाला. ताकद लावायला त्याच्याकडे ताकदच नव्हती. म्हणून तो थांबला. कळ ओसरली, तेव्हा बोटं गुडघ्यावरून खाली घसरत गेली आणि खूर तळव्यात आला. त्यानं तो ओंजळीसारखा झाकून घेतला, कुठं घासू नये असा, आणि थोडं थोडं करत पुढे आणला.

"आलं का, डॉक्टर?" मालनबाईंनी हळूच विचारलं.

"येतंय. घाई नाही आपल्याला."

रेडकू बाहेर आलं, तेव्हा सुहास शेणात बसकण मारून बसला होता आणि उजवा हात आता काही केल्या उचलत नव्हता. मालनबाईंनी रेडकाच्या नाकपुड्या पुसल्या, काडीनं गुदगुल्या केल्या. ते शिंकलं.

उन्हं कलायला लागली होती. अक्का केंद्रात वाट बघत असतील, हे आठवून तो धुऊन-बिऊन तसाच निघाला. त्याच्या अंगाला वास येत होता. तस्नीमनी खिडकी उघडली. अक्कांनी आधीच मोजा चढवला होता.

"उशीर झाला आज."

"म्हैस होती, अक्का."

त्या काही विचारणार, तेवढ्यात जोडी सुरू झाली. सुहासचा दमलेला हात टेबलावर पडला होता. पीठ उचलायचं त्यानं मनात आणलं, पण बोटं वेगळंच करू लागली. ती हळूहळू आत वळली, तळवा खोलगट झाला, आणि हात काहीतरी जपून आणावं तसा पुढे सरकला. समोर अक्कांचा हातही तसाच वळला, तसाच सरकला. असं काही त्या हातानं जन्मात केलं नव्हतं.

"हे काय आहे?" अक्कांनी विचारलं.

"रेडकाचा खूर. पोटात पाय मागे दुमडला होता. असा झाकून आणावा लागतो, नाहीतर आत लागतं तिला."

अक्का आपल्या बंद तळव्याकडे बघत राहिल्या. तो अजिबात कापत नव्हता.

"केवढा असतो?"

"एवढाच. मऊ असतो तेव्हा, ओल्या साबणासारखा."

"जगलंय ना?"

"जगलं. मी निघालो तेव्हा उभं राहत होतं."

अक्कांनी मान हलवली. आणखी थोडा वेळ त्यांनी हात तसाच धरून ठेवला.

"मग सोडते," त्या म्हणाल्या, आणि बोटं उघडली.